पडवीएवढा पंख

काल बाजाराचा दिवस... म्हणजे माझं डोकं उठणार हे ठरलेलंच! रत्नागिरीत बाजाराला आलेला प्रत्येक माणूस हल्ली आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत विमान बघायला येतो.

जर्मन लढाईतलं बॉम्ब टाकणारं विमान. लढाई संपल्यावरही लष्कर ते इकडेतिकडे उडवत राहिलं, आणि गेल्या साली ते मांडवीसमोर समुद्रात पडलं. वैमानिक वाचला. मच्छीमारांनी एक पंख आणि शेपूट ओढून किनाऱ्याला आणलं... आणि ते जपायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पडलो शाळामास्तर.

जपणार काय, कपाळ! एकानं पंखाचं कापड फाडून ताईतासाठी नेलं. एक वकील रोज येऊन 'हे बॉम्बचं विमान नव्हेच' म्हणून वाद घालतात. 'हात लावू नये' अशी पाटी लावली, तर लोकांनी पाटीलाच चुन्याची बोटं पुसली...

चार वाजता मी वैतागून कुलूप हातात घेतलं, तेवढ्यात पाली गावाकडची एक बाई आत शिरली. कनवटीची सुंभाची दोरी काढून सरळ पंखाला लावायला लागली.

"अहो बाई, हात लावू नका! किती वेळा सांगायचं?" मी ओरडलोच. खरं तर तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

"हात नाय लावत, मास्तर. नुसतं मापतेय."

"कशाला?"

"आमच्या ह्यांनी लढाईत असताना बसऱ्याहून कागद धाडला होता. इमानाचा एक पंख आपल्या पडवीएवढा हाय म्हणून. गावच्या गुरुजींनी वाचून दाखवला, तर सगळा गाव हसला. बायकोला थापा मारतो म्हणाले." तिनं दोरी सरळ केली. "ते काय परत आले नाय. मी पडवी मापून आणलीय."

मी कुलूप खाली ठेवलं आणि दोरीचं दुसरं टोक धरलं... पंख दोरीहून हातभर जास्तच भरला!

तिनं पुन्हा मापायला लावलं. तेवढाच भरला.

"खोटं नव्हतं त्यांचं," एवढंच म्हणाली. गावात दाखवायला, हातभर जास्तीची खूण म्हणून, दोरीला एक गाठ मारली आणि अंधाराच्या आत घर गाठायचं म्हणून लगबगीनं निघाली.

दिवसभर शंभर माणसांवर खेकसलो... आणि जिला बसवून दोन शब्द बोलायचे, तिचं नावसुद्धा विचारलं नाही. आज सकाळपासून माझा मलाच राग येतोय.