चरबीच्या गोळ्या आणि बांधावरची खुर्ची

कारंज्याच्या शेवटच्या घरांना लागून आमचं भाजीचं वावर आहे. मेथी, पालक आणि सांभार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभारच म्हणतात; पुण्याच्या पाहुण्यांना ते इडलीबरोबरचं वाटतं, त्याला मी काय करू? मोठ्या जाऊबाईंनी आणि मी या वाफ्यांत उकिडवं बसून अर्धं आयुष्य काढलं. शेजारशेजारचे वाफे, हातात विळा आणि तोंड अखंड सुरू. घरात आम्ही फारशा बोलत नाही. घरात सासरे असतात, टीव्ही असतो, कुकरच्या शिट्ट्या असतात. मुलीच्या सासरचं, अंगावरच्या दुखण्याचं, नवऱ्यांच्या खोडींचं, सगळं बोलणं वाफ्यातलं.

दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंचे गुडघे गेले. बसल्या की उठता येईना. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. जाऊबाई पहिल्यापासून अंगानं भरलेल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कुणाचं वजन कमी झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, प्लास्टिकची एक लाल खुर्ची आणली आणि बांधावर लिंबाखाली ठेवली. "आता तू इथूनच पाह्य," म्हणाले. मायेनं म्हणाले, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून जाऊबाई आपल्याच वावरात पाहुण्यासारख्या बसू लागल्या. त्यांच्या वाफ्यावर आम्ही मजुरीची बाई लावली.

मग मालेगावहून त्यांची भाची आली, डब्यासकट. चरबी जाळायच्या गोळ्या. डब्यावर आगीचा लोळ आणि कंबर आत गेलेली एक बाई. भाची हे डबे विकते. म्हणाली, "मावशी, काही करा लागत नाही. बसल्या बसल्या चरबी जळते."

मी म्हटलं, "बसल्या बसल्या जळली असती तर कारंज्यातले सारे शेठ काटकुळे झाले असते."

जाऊबाई चिडल्या. "तुले काय व? तू बसतं टुनकन. मले मेथी निघाच्या आधी वाफ्यात बसाचं हाय. बस."

त्यांना ना साडीत बारीक दिसायचं होतं, ना कुणाच्या लग्नात मिरवायचं होतं. मेथी कापायला येईपर्यंत जमिनीवर बसता आलं पाहिजे, एवढंच.  

गोळ्या सुरू झाल्या आणि आश्चर्य म्हणजे लागू पडल्या. जाऊबाईंना खुर्चीत बसल्या जागी घाम फुटू लागला. छाती धडधडायची, भूक मेली, आणि घटकाघटकाला तुरीच्या आड जावं लागायचं. दुसरं कुणी घाबरलं असतं. आमची जात कष्टाची. आमच्याकडे घाम आला म्हणजे काम झालं. त्या पदरानं कपाळ पुसत मला ओरडून सांगायच्या, "पाह्य, पाह्य! जळून राह्यलं!"

बाजारात आमचा पालक आणि सांभार एक चाचा घेतात. त्यांच्या दुकानात पोती मोजायचा मोठा काटा आहे. माल उतरला की जाऊबाई चपला काढून त्या काट्यावर उभ्या राहायच्या. आकडा दर खेपेला खाली. चाचा म्हणायचे, "भाभी, मी काटा नीट लावून राह्यलो, अन् तुमी मालच कमी करून राह्यल्या." सगळी भाजीची लाइन हसायची. जाऊबाई तर किती वर्षांनी लाजल्या. खरं सांगते, मलाही एक गोळी तोंडात टाकावीशी वाटली होती. माझं पोट काही आत गेलेलं नाही.

मेथी बोटभर वर आली त्या आठवड्यात त्या खुर्चीवरून उठल्या आणि तिथेच कोलमडल्या. ओठ पांढरे, हात थंड. नाडीला हात लावला तर ती नुसती धावत होती. आम्ही त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सलाइन लागली. डॉक्टरांनी डबा मागवला, वाचला आणि बाजूला ठेवला.

"यातलं बरंचसं म्हणजे चहा-कॉफीची थोरली बहीण," ते म्हणाले. "धडधड वाढवते, भूक मारते, लघवी करवते. म्हणून काटा खाली येतो. चरबी जिथल्या तिथेच. थोडीफार गेली असेल तर ती तुम्ही जेवत नव्हता म्हणून. आणि आत आणखी काय घातलंय, ते डब्यावर लिहितीलच असं नाही. तुम्हाला बीपी आहे, हे विकणाऱ्यानं विचारलं होतं का?"

भाचीनं काही विचारलं नव्हतं. तिला फोन करून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चार दिवस नीट जेवण आणि पाणी पोटात गेल्यावर जाऊबाई हट्टानं माझ्यासोबत बाजारात आल्या आणि काट्यावर चढल्या. जवळजवळ सगळंच परत आलं होतं. एरवी कुणाला सोडत नाहीत असे ते चाचा, पण तोंड फिरवून कांदे निवडायला लागले. जाऊबाईंनी चपला घातल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारासाठी पालकावर पाणी मारत होते. हे आमचं रोजचंच. आदल्या दिवशीची भाजी सुकून हलकी होते, पाणी मारलं की पुन्हा जड आणि टवटवीत. चाचा काही दूधखुळे नाहीत. काट्यावर ठेवण्याआधी ते प्रत्येक गड्डी धरून जोरात झटकतात, आमच्याकडे बघत झटकतात, आणि आम्ही भलतीकडे बघतो. इतकी वर्षं हा खेळ चालू आहे. त्या सकाळी पाणी मारता मारता माझा हात थांबला. भाजी हलकी झाली म्हणून तिचं एक पान तरी कमी होतं का? हे पोटापाण्याचं ज्ञान आमच्या दोघींच्या हातात रोज होतं, आणि जाऊबाई काट्यावर उभ्या असताना आमच्यापैकी एकीलाही ते सुचलं नाही.

मी तशीच ओल्या हातानं बांधावर गेले आणि त्यांना म्हटलं, "बाई, तुमाले चाचानं झटकून मोजाले पाह्यजे होतं."

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, पोट हलेपर्यंत. आणि हसता हसताच डोळ्याला पदर लावला.

"मले बारीक व्हाचं नव्हतं व," म्हणाल्या. "इथून तुमचं दोघींचं बोलनं आयकू येत नाही. तुमी तिकडं हासता, मले वाटते माह्यावरच हासून राह्यल्या."

 मला वाईट वाटलं आणि तेवढाच रागही आला, की एवढी साधी गोष्ट सांगायला या बाईनं जिवाला घोर लावला! पण राग तरी कुणावर काढणार? ती खुर्ची मीही रोज पाहत होते.

मेथी निघाली तेव्हा मी कापलेला ढीग वाफ्यातच न बांधता बांधावर नेऊन टाकू लागले. त्या खुर्चीत, मी खुर्चीच्या पायाशी, अशा बसून आम्ही दोघी जुड्या बांधू लागलो. मजुरीची बाई कुरकुरली, भासरे म्हणाले यात उगाच वेळ जातो. जाऊ द्या म्हटलं, आमचाच जातो.

आता ओळखीच्या बाया मला विचारतात, त्या गोळ्यांनी खरंच वजन उतरतं का? मी सांगते, उतरतं, आणि एक तांब्याभर पाणी प्यालं की चढतं. मग त्या विचारतात, मग कशानं उतरतं? याचं उत्तर कुणाला आवडत नाही. जाऊबाई आता भासऱ्यांच्या गाडीवर बसत नाहीत, वावरात पायी येतात, थांबत थांबत. भात कमी केला आहे आणि त्याबद्दल सगळ्या घरावर रागावलेल्या असतात. काट्यावर फरक इतका हळू पडतो की चाचांना थट्टा करायलाही पुरत नाही. गुडघे पहिल्यासारखे होतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

पण यंदा ती लाल खुर्ची घरी परत गेली. त्या जागी गाय दोहायचा बुटका स्टूल आहे, आणि तो बांधावर नाही, वाफ्याच्या कडेला आहे. जमीन अजून वीतभर खाली आहे. परवा त्या स्टुलावर टेकल्या, गुडघा दाबत थोडं कण्हल्या, माझ्या हातातली मेथी ओढून घेतली आणि म्हणाल्या, "हां, आता सांग. काय म्हणत होती तू?"