बाटल्यावर बसलेला दीर

दीर गॅसच्या बाटल्यावर बसला होता. शेगडीची नळी त्याने उपटली होती आणि गॅस फसफस बाहेर येत होता. डाव्या हातात काडेपेटी, उजव्या हातात काडी.

"मी नही तं कोनीच नही!" तो ओरडत होता.

खोलीत आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगी, दीर, जाऊ. बाटला दाराशीच होता. त्याला ओलांडल्याशिवाय बाहेर जायला वाट नव्हती.

गोडादरा वस्तीतली ती खोली सासऱ्याची. सासरा गेल्यावर नवऱ्याने धाकट्या भावाला सांगितलं, रविवारपर्यंत बायकोला घेऊन निघ. मीच सांगायला लावलं. दीर दारू पीत नव्हता, आळशीही नव्हता. मला तो आवडत नव्हता, बस.

त्या उन्हाळ्यात आपल्या देशाने वाळवंटात बॉम्ब फोडले होते, गल्लीत पेढे वाटले होते. रविवारी दुपारी केबलवाल्याने बॉम्बचाच एक काळा-पांढरा इंग्रजी पिक्चर लावला. मुलगी कॉलेजात होती, ती समजावून सांगत होती. एक वेडा साहेब विमानं सोडतो, मग ती कोणाला परत बोलावता येत नाहीत. समोरच्या देशाकडे एक मशीन असते. बॉम्ब पडला की ती आपोआप सगळी दुनिया मारते.

"अशी मशीन घरात पाहिजे," नवरा हसला. "म्हणजे काही लोक वेळेवर निघतील."

"मशीन कशाला?" दीर उठला. "बाटला आहे ना!"

"बस, बस. तुझ्यात दम नाही."

मीही गप्प बसले नाही. "भाऊजी, काडी कोरडी बघून घ्या."

तेव्हा त्याने नळी उपटली.

आता टीव्ही मोठ्याने चालू, गॅसचा आवाज, जाऊ छाती पिटत होती, नवरा भावाला आईची शपथ घालत होता. कोणाचं कोणाला ऐकू येईना. आमच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, असंच असायचं. दीर वीस वर्षं तिथे लूम चालवत होता, मी बॉबिनवर सूत भरायची. तिथे तोंडाने बोलून उपयोग नाही, सगळं खुणांनी. तार, म्हणजे सुताचा धागा, तुटलेली दिसली की दोन बोटांची कात्री करून दाखवायची. कारागीर आधी मशीन बंद करतो, मग बघतो.

मी त्याच्यासमोर हात वर केला आणि कात्री दाखवली.

त्याच्या हातातली काडी खाली पडली. हात बाटल्याच्या बटणावर गेला आणि बटण फिरलं. फसफस थांबली. मग त्याने मान वर केली.

"कुठं तुटली?"

नवऱ्याने त्याच्या थोबाडीत मारली. मी दिराच्या हातातली काडेपेटी काढून घेतली, दार उघडलं आणि पदराने वारा घालत बसले. टीव्हीवर बॉम्बवर बॉम्ब फुटत होते, आणि गाणं मात्र गोड लागलं होतं.

दिराने खोली सोडली नाही. आम्हीही नाही. मी त्याच्याशी पुन्हा बोलले नाही.

पाचही जण वाचलो.