ताईंच्या वाट्याचा अभ्यास

बातमी आली ती आमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिच्या आधीचा मेसेज होता, ‘विद्यार्थ्यांची आधार माहिती आज दुपारपर्यंत न चुकता भरावी’, आणि नंतर दहाच मिनिटांनी दुसरा, ‘अद्याप सहा शाळांची माहिती अप्राप्त’. या दोहोंच्या मध्ये सुरेखाताई गेल्याचं कळलं. मी तेव्हा तीच माहिती भरत होते, आणि तीही त्यांच्या वर्गाची. त्या आजारपणाच्या रजेवर होत्या म्हणून पहिली-दुसरीचा तक्ता माझ्या गळ्यात पडला होता. वर्गशिक्षिकेच्या रकान्यात त्यांचं नाव नुकतंच टाकलं होतं. फोनवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. राग कुणावर होता, ते अजूनही सांगता येत नाही. मी तक्ता पूर्ण करून पाठवला, मुलांना खिचडी वाढून झाली, आणि मग मोताळ्याला ताईंच्या घरी निघाले.

याला आता दोन महिने होतील. घरचे म्हणतात, लिहून काढ, मन शांत होईल. मला शांत वगैरे व्हायचं नाही. मला एका गोष्टीचा छडा लागलाय, आणि ती कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मी चारदा उठलेय.

आमची शाळा म्हणजे मोताळ्यापासून आठ किलोमीटरवरच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या दोन खोल्या. पहिली-दुसरी ताईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, मध्ये एक भिंत. नऊ वर्षं आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना शिकवलं. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. डी.एड. झाल्या झाल्या नोकरीला लागल्या, बी.ए. बाहेरून केलं. एकदा मतदारयादीचं काम करून आम्ही गावातून शाळेकडे परतत होतो, उन्हाने दोघींची तोंडं करपलेली, आणि त्या एकदम म्हणाल्या, “अर्चना, आपुन एम्ये करू.”

मी म्हटलं, “ताई, आधी पाणी प्या.”

“पाण्यानं नाई जात हे. चोवीस वर्सं झाले, फळ्याकडे पाठ करून उभी हाये मी. आता मले फळ्याकडे तोंड करून बसायचं हाये. कोणीतरी मले शिकवावं, अन् मी मस्त पेंगावं.”

“मग करा ना तुम्ही. मला काऊन ओढता त्यात?”

“तू नाई आली तं मी दुसऱ्याच रविवारी घरी बशीन. मले माह्या आळसाची गॅरंटी हाये.”

असं करून त्यांनी मला दूरशिक्षणाच्या एम.ए.ला बसवलं. विषय शिक्षणशास्त्र. दर रविवारी बुलडाण्याच्या अभ्यासकेंद्रावर तास. तिथे शिकवायला येणारे सर माझ्याहूनही लहान, बिचारे आधीच घाबरलेले. ताई पहिल्या बाकावर. सरांनी फळा भरला की या उठून तो पुसून द्यायच्या, कारण भरलेला फळा त्यांना बघवत नसे. एकदा मागच्या बाकावर दोन तरुण शिक्षक कुजबुजत होते. ताईंनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं, तर ते दोघे गप्प झालेच, पण सरही गप्प झाले. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मात्र हद्द झाली. शेवटची घंटा वाजली, तशा ताई सवयीने उठल्या आणि आपल्या रांगेच्या उत्तरपत्रिका गोळा करत निघाल्या. मुलंही मुकाट्याने देत होती! गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला, मोजला, आणि पर्यवेक्षकांच्या हातात दिला. ते गोंधळून म्हणाले, “मॅडम, आपण?” तेव्हा कुठे ताई भानावर आल्या. “मी... मी परीक्षेले बसेल हाये,” असं म्हणून जीभ चावली. त्यांची स्वतःची उत्तरपत्रिका तेवढी बाकावरच राहिली होती. परतीच्या एसटीत आम्ही इतक्या हसलो की कंडक्टरने तिकीट फाडायचं थांबवून कारण विचारलं.

हसण्याचा भाग सोडला, तर अभ्यासाला वेळ होता कुठे? शाळेत खिचडीची चव घेऊन वहीत नोंद करा, हात धुण्याचे फोटो टाका, प्रशिक्षणाला जा, सर्वेक्षण करा, आणि यातून उरलेल्या वेळात मुलांना शिकवा. घरी गेलं की ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, माझी दोन्ही मुलं लहान. म्हणून ताईंनी तोडगा काढला. प्रत्येक विषयाचं अर्धं पुस्तक त्यांनी वाचायचं, अर्धं मी, आणि एसटीत एकमेकींना सांगायचं. मोताळ्याहून निघाल्यापासून राजूरचा घाट चढून बुलडाणा येईपर्यंत त्यांचा वाटा, उतरताना माझा. माझं सांगणं म्हणजे मुद्दा एक, मुद्दा दोन. त्यांचं सांगणं म्हणजे शेजारच्या घरात काय झालं ते. त्याच गाडीने मसाल्याची पोती घेऊन बुलडाण्याच्या बाजाराला जाणारे एक चाचा पुढच्या सीटवर असत. आधी ते नुसते ऐकायचे, मग मान वळवून विचारायला लागले, “बाई, मंग त्या बच्चेचं पुढे काय झालं?” तो बच्चा कुठल्या परदेशातल्या प्रयोगातला, कधीच म्हातारा होऊन गेला असेल, पण चाचांना त्याचा घोर लागलेला असायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ताईंचं सांगणं बिघडलं. म्हणजे मला तसं वाटलं. पुस्तक आणायच्या नाहीत, व्याख्या सांगायच्या नाहीत, कुठल्याच तज्ज्ञाचं नाव धड घ्यायच्या नाहीत. मी चिडते फार लवकर, आणि घाटात मला मळमळतंही. एका रविवारी मी सरळ म्हणाले, “ताई, तुम्ही आजकाल वाचून येत नाही. असं करणार असाल तर मी पूर्ण पुस्तक माझं मी वाचते.”

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “अवं वाचलं ना! आइक. एका थंड देशात एक बाई होती. तिची बी दोन खोल्यांची शाळा. तिच्या वर्गात काही लेकरं बोलतच नसत. काही इचारलं का मान खाली. मंग तिनं इचारणंच सोडून देल्लं. अशा लेकराले ती निरोप देऊन शेजारच्या वर्गात पाठवे.”

“त्याने काय होतं?” मी वही काढत विचारलं.

“निरोप दुसऱ्याचा रायते ना. चुकला तरी आपला नाई चुकत. म्हणून लेकराची जीभ मोकळी होते. आधी दुसऱ्याचं सांगते, मंग कधीतरी हळूच त्यात आपला एक शब्द घालते. तो शब्द आला का बाई समजून जाये, हे लेकरू आता सुटलं.”

चाचा म्हणाले, “वा बाई, वा!” मी म्हटलं, “त्या बाईचं नाव काय?”

“नाव लय अवघड हाये. पुस्तकात पाहून घेजो.”

मी काही पाहिलं नाही. गृहपाठात तसंच लिहून मोकळी झाले, ‘एका परदेशी शिक्षणतज्ज्ञ महिलेच्या मते...’ गृहपाठ तपासून आला तेव्हा त्या परिच्छेदाच्या बाजूला लाल शाईत लिहिलं होतं, ‘उत्तम. संदर्भ द्यावा.’ तोवर ताई रजेवर गेल्या होत्या. डोकं दुखतं, चष्म्याचा नंबर बदललाय, एवढंच सांगत होत्या. मी भेटायला गेले तेव्हा कळलं की डोक्यात गाठ आहे आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी फारशी आशा दाखवलेली नाही. खोलीत पडदे ओढलेले, ताईंच्या डोक्याला रुमाल. आणि मी काय विचारावं? त्या परदेशी बाईचं नाव! ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. ताई मंद हसल्या. “तुले मार्क भेटले ना? मंग झालं तं,” म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “परीक्षा सोडू नोको बरं.” ती शेवटची भेट. आठ दिवसांनी ग्रुपवर तो मेसेज आला.

तेराव्यानंतर त्यांच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, ताईंची पुस्तकांची पिशवी मला आणून दिली. मी तिथेच उभ्या उभ्या त्या विषयाचं पुस्तक काढून परदेशी बाईचा संदर्भ शोधायला लागले. ताई पेन्सिलने खुणा करत, समासात बारीक शेरे लिहीत. ‘हे खरं नाही’, ‘आमच्या गावात येऊन दाखवा’, असे. साठाव्या पानापर्यंत खुणाच खुणा. पुढे काही नाही. पानं कोरी, एकमेकांना चिकटलेली.

“दिवाळीपासून तिले अक्षरं दिसतच नव्हते, मॅडम,” भाऊजी म्हणाले. “ओळी हालतात म्हणे. मी म्हटलं, अर्चना मॅडमले सांगून टाक. तं म्हणे, तिले समजलं तं ती बी सोडून देईन. मले काही बी करून तिले घाट चढून परीक्षेपर्यंत न्यायचं हाये.”

मग दिवाळीनंतरचे सहा रविवार त्यांनी मला सांगितलं ते कुठलं? घरी येऊन मी माझी वही आणि ते पुस्तक शेजारी ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहिली. थंड देशातली बाई त्यात नव्हती. सहा रविवारांतलं काहीच त्यात नव्हतं. आणि दोन दिवसांनी, तिसरीला पाढे सांगता सांगता, मला दिसलं. अक्षरशः दारात दिसलं. वर्षानुवर्षं माझ्या वर्गाच्या दारात पहिली-दुसरीतलं एखादं पोर येऊन उभं राहायचं. “मॅडमनं खडू मागतला.” “मॅडम म्हणे, किती वाजले.” “मॅडम म्हणे, आज आभाळ हाये.” मी वैतागायचे. ताईंच्या टेबलावर खडूची पेटी असायची, हातात घड्याळ असायचं, आणि आभाळ तर मलाही दिसत होतं! मी त्यांना कितीदा तोंडावर म्हटलं असेल, की तुमच्या या निरोपांनी माझा तास मोडतो. त्या नुसत्या “हाव, चुकलंच” म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणीतरी दारात.

त्यातली पूनम मला आठवली. फ्रॉकचं टोक तोंडात धरून उभी होती, कितीतरी वेळ. मी खेकसले, “बोल लवकर, नाहीतर जा!” ती गेली. काही न बोलता गेली... ताईंनी किती दिवसांच्या मेहनतीने तिला त्या दारापर्यंत आणलं असेल, आणि मी एका वाक्यात तिला परत घालवली. दुसऱ्या दिवशी ताईंनी तिलाच पुन्हा पाठवलं. त्या वेळी मी फळ्यावर लिहीत होते, म्हणून माझं तोंड पलीकडे होतं. मागून बारीक आवाज आला, “मॅडमनं डस्टर मागतलं.” आणि मग, “माह्या मॅडमनं.” मी वळूनही न बघता डस्टर पुढे केलं होतं. पलीकडून ताई एकदम मोठ्याने हसलेल्या मला ऐकू आल्या होत्या, आणि मी मनात म्हटलं होतं, या बाईंना कामं नाहीत.

मला त्यांचा फार राग येतो. का नाही सांगितलं? मी भांडले असते, रडले असते, पण तुमची पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवली असती ना! आणि स्वतःची वीस-पंचवीस वर्षांची कमाई सांगायची, तर ती कुठल्या थंड देशातल्या बाईच्या नावावर का टाकायची? उत्तर मला ठाऊक आहे. ‘हे माझं आहे’ म्हणाल्या असत्या, तर मी वही काढलीच नसती. एवढ्या एका विचाराने मी शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत राहते, मुलं माझ्याकडे बघत राहतात.

परीक्षेला बसायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्यांच्या वाट्याचं पुस्तक उघडलं की साठाव्या पानावर बोट अडायचं. पण मी घरी राहिले असते, तर त्या सहा रविवारांची त्यांची सगळी धडपड पाण्यात गेली असती. अभ्यासकेंद्राच्या सरांना फोन करून विचारलं, पुस्तकात नसलेलं, पण एका शिक्षिकेने प्रत्यक्ष केलेलं लिहिलं तर चालेल का? ते अवघडून म्हणाले, “नका लिहू, मॅडम. तपासणारे गुण देणार नाहीत. आधीच तुमची तयारी अर्धी आहे.” त्यांचं चूक नव्हतं. त्या पेपरात नापास झाले, तर पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागणार होतं, आणि एकटीने मी पुन्हा बसेन याची मलाच खात्री नाही.

गेल्या रविवारी पेपर झाला. गाडीत चाचांनी विचारलं, “दुसऱ्या बाई नाई आल्या?” मी सांगितलं. त्यांनी वळवलेली मान सावकाश पुढे केली.

पेपरात प्रश्न होता, वर्गात न बोलणाऱ्या मुलांसाठी कोणते उपाय कराल? पुस्तकातले चार उपाय मला येत नव्हते. मी निरोपाचंच लिहिलं. पूनमचं लिहिलं, डस्टरचं लिहिलं, दारात खेकसणाऱ्या शिक्षिकेचंही लिहिलं. पुरवणी मागून घेतली. शेवटी ओळ सोडून ‘संदर्भ’ असं लिहिलं, आणि त्याखाली ताईंचं पूर्ण नाव, सहायक शिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. मोताळा, जि. बुलडाणा. गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लिहितात. शाळेच्या नंतरच्या तक्त्यात ते मी स्वतःच्या हाताने लिहून पाठवलंय. इथे पेन टेकवलं, आणि लिहिलं नाही. तपासणारे गुण देवोत न देवोत, पण त्यांना वाटू दे की या बाई मोताळ्याकडे कुठेतरी अजून पहिलीच्या वर्गावर आहेत.