आबा चुकलं म्हणाले

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला नाही. पेनाच्या टोकानं उचलला. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. बोटं आत वळलेली, वाळलेली. मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करतात तसा त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

"बघा. प्लास्टर आपण घालायचं आणि हे लोक जाणार हाडवैद्याकडे. मग हात असा होतो."

कुणीतरी हसलं. मी लग्नाच्या वयाची पोर, मान खाली घालून उभी. कोपऱ्यात माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गिरणीतली पाळी संपवून तसेच आलेले, केसांत कापूस. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं मात्र, आबांनी हात जोडले.

"व्हय साहेब. चुकलं."

काय चुकलं? आम्ही हाडवैद्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. नळावर पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं. याच डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. संध्याकाळपर्यंत बोटं टम्म सुजली, मग काळीनिळी पडली. दुसऱ्या दिवशी आबा मला परत घेऊन गेले. डॉक्टर दारातूनच म्हणाले, प्लास्टर म्हटलं की दुखतंच, नाटकं नकोत, महिन्यानं या. शेजारची मावशी म्हणाली, होटगीच्या हाडवैद्याकडे न्या, नाहीतर ते प्लास्टर कापून तरी टाका. आबा ऐकेनात. शिकलेल्या माणसानं बांधलंय, त्याला आपण हात लावायचा नाही. मी कळवळायचे, ते उशाशी बसून राहायचे, पण कात्री लावू दिली नाही. महिन्यानं प्लास्टर काढलं तेव्हा बोटं अशी आत वळून वाळली होती.

डॉक्टरांचं ऐकलं म्हणून माझा हात गेला. आणि ऐकलं नाही म्हणून मला पोरांपुढे दाखवत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी विड्या वळायचे. ही बोटं म्हणजे माझी भाकरी होती.

"आबा खोटं बोलत्यात," मी म्हणाले. "आमी कुटं बी गेलो न्हाय. ह्यो हात तुमीच बांधला, आन् दाखवाय आलो तर दारातनं हाकललं."

हसणं थांबलं. डॉक्टरांनी पेन खिशात घातलं आणि हिला बाहेर काढा म्हणाले. घरी आल्यावर आबा आईला म्हणाले, पोरगी मोठ्या माणसाला उलटून बोलली.

आणीबाणी नुकतीच उठली होती. चौकात जो तो हक्काचं बोलत होता. मीही एक वकील गाठला. वकील भला माणूस. म्हणाला, दावा लावता येतो, भरपाई मागायचा तुला हक्क आहे, पण डॉक्टर चुकला हे दुसऱ्या डॉक्टरानं सांगायला हवं. वकील आणि मी सोलापुरात डॉक्टरांच्या दारोदार हिंडलो. दार लावून घेतलं की सगळेच सांगत, प्लास्टर घट्ट होतं, लगेच कापायला हवं होतं. कोर्टात चला म्हटलं की घड्याळ बघत. हक्क आहे म्हणे. दुसऱ्याच्या परड्यातला आड. पाणी दिसतं, काढता येत नाही.

तरी दावा लावला. वर डॉक्टरांचा वकील विचारतो, बापानंच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं ना?

आबांना मी म्हटलं, कोर्टात येऊन खरं काय ते सांगा.

"मला तितं बोलता यायचं न्हाय, पोरी. साहेब दिसला की मी परत चुकलंच म्हणीन."

मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला.

आता पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. आई म्हणते, हात पदराखाली घे आणि आबांचं नाव काढू नको, चारचौघांत लाज जाईल. मी हात बाहेर ठेवणार आहे. आबांचं नावही घेणार आहे. माझा बाप खोटं बोलला, असं कोर्टाला सांगणार आहे. साहेब दिसला की हात जोडायचे आणि चूक पदरात घ्यायची, एवढंच तुम्ही साहेब लोकांनी त्याला जन्मभर शिकवलंत, हेही सांगणार आहे. आबा मागच्या बाकावर बसलेले असतील. त्यांना लागेल. तरी मी सांगणार.