भिंतीला नाक लावलेली गाडी

ती गाडी आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा भाईंदर पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. जेसल पार्कमधल्या एका निवृत्त बँकवाल्यांची जुनी, छोटी युरोपियन गाडी सोसायटीतून चोरीला गेली. ती बनवणाऱ्या कंपनीने इथला गाशा कधीच गुंडाळला होता. भाईंदरमध्ये तिला हात लावणारा एकच मिस्त्री, मूळचा रत्नागिरीचा. कुर्ल्याच्या बाजारातून जुने पार्ट शोधून आणायचा नि गाडी जगवायचा.

पंचनाम्यात जागेवर काचेचा तुकडा नव्हता, तोडलेल्या लॉकची खूणही नव्हती. म्हणजे चावीनेच नेली. चाव्या दोन. एक घरात खिळ्याला, दुसरी मिस्त्रीकडे. "मिस्त्री घरचा माणूस आहे हो," मालक म्हणाले. त्यांच्याकडे राहायला आलेला मेहुणा मात्र ठाम होता. "त्यानेच नेली साहेब. मी तर त्या गाडीला आजवर हातसुद्धा लावला नाही, दाजी लावूच देत नाहीत." तसा जबाब त्याने सहीनिशी दिला.

मी मिस्त्रीची चावी जप्त केली. दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो. दिवसभर तो ठाण्याच्या बाकावर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. "मी नाय नेली," एवढंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राकाठच्या चौक गावातून एका कोळ्याचा फोन आला. "साहेब, बंदराजवल एक गाडी उभी हाय. कोनाची न्हाय."

गेलो. बोळाच्या टोकाला, उतारावर, भिंतीला नाक लावून गाडी उभी. जप्त चावीने सुरू झाली, पण रिव्हर्स पडेना. हवालदार दमला, मीही दमलो. शेवटी कोळ्यांनी ढकलून वर काढली.

ठाण्यात येऊन मिस्त्रीवर खेकसलो, "गिअरची वाट लावलीस की रे!"

दोन दिवसांत तो पहिल्यांदा हसला. "गिअर ठणठणीत आहे, साहेब. दांड्याच्या मुठीखाली कडी आहे. ती बोटांनी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नाय. मी नेली असती, तर ती तिथे अडकली असती काय?"

म्हणजे राहिली खिळ्यावरची चावी. गाडी ताब्यात घ्यायला दाजी-मेहुणे आले, तेव्हा मेहुण्याला म्हटलं, "बसा पाहुणे, जरा मागे घ्या."

तो नुसता बसला. गिअरला हातही न लावता म्हणाला, "हिला रिव्हर्सच पडत नाही."

"हात न लावता कळलं?"

मग त्याने सगळं कबूल केलं. रविवारी दुपारी दाजी झोपलेले असताना समुद्र बघायला गेला, अडकला, रिक्षाने परत येऊन चावी खिळ्याला लावली. दाजींची भीती वाटली म्हणे. "अरे, गरिबाचं नाव घ्यायला जीभ कशी उचलली तुझी?" दाजींना रडूच आलं. पुढची कारवाई रीतसर झाली.

सोडलं म्हणजे झालं, असं आम्हा पोलिसांना वाटतं. आठवड्याने गॅरेजवरून गेलो, तर मिस्त्री एकटाच बसलेला. "ठाण्यात बसलेल्याला कोण गाडी देणार, साहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच वर्दीत गेलो आणि त्याच्या बाकड्यावर बसलो. लोक थबकायचे, विचारायचे. प्रत्येकाला मोठ्याने सांगितलं, "चूक माझी होती. हा माणूस सरळ आहे." चारचौघांत घालवलेली अब्रू चारचौघांतच परत द्यावी लागते, एवढं या केसने शिकवलं.

संध्याकाळी चहाचा कप हातात देत मिस्त्री म्हणाला, "आता घरी जा, साहेब. उद्या परत या. मी दोन दिवस बसलो होतो, तुमचा अजून एक बाकी आहे."

गेलो.