इब्राहिम नबींच्या गावची वीट

मला सवत नव्हती. असती तर बरं झालं असतं, तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. माझ्या वाट्याला आली ती एक वीट.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी आमचे हे मजूर म्हणून इराकात बसऱ्याकडे गेले होते, रेल्वेचे रूळ टाकायला. तिकडे वाळवंटात एक मोठं टेकाड होतं. त्याच्या पोटात आमच्या इब्राहिम नबींचं, म्हणजे पैगंबरांचं, गाव गाडलं गेलंय, असं तिथले लोक सांगत. भरावासाठी माती काढताना यांच्या कुदळीपुढे तळहाताएवढा एक मातीचा तुकडा आला. त्यावर बारीक खुणा होत्या, ओल्या कणकेवर चिमण्या नाचून गेल्यासारख्या. यांनी तो कांबळ्यात गुंडाळून थेट आमच्या गावी, कान्ह्याला आणला.

सासूने तो कोनाड्यात ठेवला. घरात त्याला सगळे वीटच म्हणत. दर जुम्मेरातीला तिच्यापुढे ऊद जळायचा. गावातल्या मराठ्यांच्या बायकाही तापलेली लेकरं घेऊन यायच्या आणि तिच्यापुढे डोकं टेकवायच्या. मशिदीतले मुल्ला कपाळाला आठ्या घालायचे, पण सासूपुढे त्यांचंही काही चालत नसे.

नबींवर माझा राग नव्हता, तोबा! राग होता तो यांच्या नजरेवर. कामावरून आले की आधी कोनाड्याकडे बघायचे, मग चुलीकडे. तिकडची रुंद नदी, तिकडचं आभाळ, तिकडचे खजूर यांच्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की तसा तो माझ्यासाठी लग्नातही उजळला नव्हता. एकदा मी हौसेने हिरवी चोळी शिवली, ती घालून दारात उभी राहिले. हे आत आले आणि म्हणाले, "विटंवर धूळ बसलीया." त्या दिवशी मी भाकरी मुद्दाम करपवली. त्यांनी ती गुमान खाल्ली, त्यांना कळलंसुद्धा नाही.

हे लोणावळ्याला एका बंगल्यात माळीकाम करायचे. बंगल्यात एक म्हातारा गोरा पाद्री राहायचा. त्याला आयुष्यभर एकच ध्यास, बायबलातल्या गोष्टी खरोखर घडल्या याचा पुरावा जमिनीतून काढायचा. आम्ही ज्यांना इब्राहिम म्हणतो त्यांनाच हे लोक अब्राहम म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. विटेची गोष्ट कानावर गेली तसा साहेब यांना बागेतून उठवून व्हरांड्यात बसवू लागला. नकाशे पसरायचा, टेकाड कुठे, रूळ कुठे, माती कुठली काढली, असं सगळं विचारायचा. पावसाळा सरला की तो तिकडे खोदायला निघणार होता. विटेवरच्या खुणा म्हणजे जुन्या काळची अक्षरं निघाली तर जागा दाखवायला यांना सोबत नेणार होता.

"तुमी जानार?" मी विचारलं.

"साह्यबानं नेलं तर जाईन की."

"आन् मी?"

"तू हाईस की हितं. आई हाय संगं."

मी भिंतीकडे तोंड केलं. "जावा की. मला काय त्याचं," म्हटलं आणि आतल्या आत जळत राहिले. मातीच्या टेकाडाचा हेवा करणारी बाई साऱ्या मावळात मीच एक असेन.

सासू वीट उंबऱ्याबाहेर काढू देईना, म्हणून साहेबच आगगाडीने कान्ह्याला यायचा ठरला. हे त्याला आणायला स्टेशनात गेले. सासू मला म्हणाली, "अशी धुळकट दावायची व्हय? उरसाला दर्ग्यात कबर धुत्यात तशी धू, संदल लाव, फुलं घाल."

मी सगळं रीतीने केलं. जळत होते हे खरं, पण नबींच्या गावच्या वस्तूशी मी वाकडं वागणार नव्हते. पितळेच्या परातीत पाणी घेतलं, त्यात गुलाबपाणी टाकलं. खुणांमध्ये माती घट्ट बसली होती, ती सुटावी म्हणून वीट पाण्यात ठेवली आणि सहाणेवर चंदन उगाळायला बसले. भट्टीत भाजलेली वीट पाण्याला भीत नाही. पण ही नुसती उन्हात वाळवलेली होती, ते आम्हाला कुणाला ठाऊक? चंदन घेऊन परतले तर परातीत चिखल होता.

साहेब आला. परातीपुढे गुडघ्यावर बसला, चिखलात बोट घालून पाहिलं, आणि "अरेरे" म्हणून उठला. चहाही न घेता परत गेला. जाताना यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"जळकी मेली! जानून बुडिवली!" सासू गावभर सांगत सुटली. शेजारणींनीही माना डोलावल्या. माझा जळफळाट काय लपून राहिला होता?

हे मात्र एक शब्द बोलले नाहीत. फडक्यातून चिखल गाळला, त्याची पुरचुंडी बांधली आणि ती हातात घेऊन अंगणात बसले. मला ते सोसवेना.

"म्या जानून न्हाई केलं. अल्लाची आन."

"ठाव हाय मला."

"मंग बोलत का न्हाई?"

त्यांनी पहिल्यांदाच नीट माझ्याकडे पाहिलं. "जानून केलं असतंस तर बरं झालं असतं. मी जाऊ नये असं घरात कुनाला तरी वाटतंय, येवढं तरी कळलं असतं."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं जळून माझा कोळसा झाला होता आणि या माणसाला धगसुद्धा लागली नव्हती! मी त्यांच्या हातातली पुरचुंडी हिसकावली आणि ती ओली माती साऱ्या अंगणात भिरकावून दिली.

"घ्या," म्हटलं, "आता जानून केलं."