चाळिसाव्याच्या बांगड्या

माझ्या फुफीचा, म्हणजे अब्बांच्या मोठ्या बहिणीचा, वावरातला वाटा तिच्या वडिलांच्या चाळिसाव्याला, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, जेवणाआधी गेला. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास आला की आजही उमरखेडचं ते अंगण दिसतं.

अब्बांनी तिच्यापुढे हिरव्या बांगड्या ठेवल्या. “आपा, वाटा माफ कर. रिवाज हाय.”

“कुराणात बेटीचा वाटा हाय, मियाँ,” मौलाना म्हणाले.

“घेऊ द्या ना! मंग ईदले माहेरी कोण बोलावते, पाह्यतो,” अब्बा म्हणाले. सगळे हसले.

शेंगा सोलता सोलताच फुफी म्हणाली, “माफ केला.”

तेव्हा मला त्या बांगड्यांचा हेवा वाटला होता. आज एवढंच दिसतं, की कुराणाने दिलेला वाटा रिवाजाने माहेर तुटायची भीती घालून काढून घेतला.

तुमच्या बहिणीचा वाटा तिच्या नावावर करा. आणि ईदला तिला बोलवा.